उडत्या मुंग्या यायच्या आत काय तयार ठेवायचं

मृग लागायच्या आत एवढं करून ठेवा, कारण सोलापुरात पहिला दणक्यात पाऊस झाला की संध्याकाळी ट्यूबलाईटखाली पंखवाल्या मुंग्यांचा आणि वाळवीचा नुसता खच पडतो आणि लोक न बघताच स्प्रे मारून मोकळे होतात. स्प्रे राहू द्या बाजूला. झाकणाची पारदर्शक डबी घ्या, मेडिकलमध्ये लघवी तपासायला देतात ती बेस्ट (नवीन घ्या म्हणजे झालं), शिवाय पांढरा कागद, शाळेची पट्टी, आणि भिंग नसेल तर मोबाईलचा झूम चालतो. डबी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवली की किडा सुस्त पडतो आणि फोटो नीट येतो, फक्त घरात आधी सांगून ठेवा नाहीतर बोंब होईल. लाईट जाणारच, तेव्हा टॉर्च चार्ज करा.

आता बघायचं काय, तर आधी कंबर. वाळवीला कंबर नसतेच, अंग सरळसोट आणि चारही पंख एका मापाचे. मुंगीची कंबर एकदम बारीक, तिथं १ किंवा २ गाठी, पुढचे पंख मोठे, मागचे छोटे. मिशांवर फार जाऊ नका, राणीच्या मिशा कोपरासारख्या वाकतात पण नराचा मिशीचा पहिला भाग बऱ्याचदा आखूड असतो, वाक दिसतच नाही आणि मग बिचाऱ्याला वाळवी ठरवतात.

मुंगीचा नर ओळखायचा डोक्यावरून. डोकं छोटं, डोळे मोठे, वर ३ ठिपक्यांसारखे साधे डोळे, छाती फुगीर, पोट बारीक. राणी त्याच्यापेक्षा चांगलीच दणकट. नराला नांगी नसते, ती फक्त माद्यांना, कारण नांगी म्हणजे अंडी घालायच्या अवयवाचंच बदललेलं रूप, त्यामुळे पोरांनी हातात घेतला तरी डंखाची भीती नाही. इंचभर लांब, तपकिरी, केसाळ, गांधीलमाशीसारखं काहीतरी दिव्यावर धडकलं तर घाबरू नका, तो बहुतेक डोरायलस मुंगीचा नर असतो, त्याच्या कामकरी आंधळ्या असतात आणि शक्यतो जमिनीखालीच राहतात.

सकाळी झाडू मारायच्या आधी खिडकीखाली एक नजर टाका. मुंग्यांचे नर पंखांसकट मरून पडतात, राणी मिलनानंतर पंख टाकून माती शोधत जाते. पण सारख्या मापाचे नुसते पंख ढिगानं दिसले तर वाळवी, मग दाराची चौकट आणि कपाटाची मागची बाजू ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करा आणि डबीतला किडा दाखवायला ठेवा.