डब्याचं झाकण, आईचे पाय आणि चार फुटांची ट्रॉली

शॉर्ट फिल्म करणारी मुलं स्क्रिप्ट घेऊन येतात आणि ठरलेला प्रश्न टाकतात, "दादा, टेन्शन आणायचंय, हँडहेल्ड मारूया का?" मीही पहिल्या फिल्मला तेच केलं होतं. सगळा सीन खांद्यावर. एडिटला बसल्यावर तो वरातीच्या व्हिडिओसारखा दिसला. कॅमेरा पहिल्या सेकंदापासून घाबरलेला, मग प्रेक्षकाला घाबरायला उरलं काय?

म्हणून आम्ही शूट केलेला एकच सीन घेऊ. दुपारची वेळ, आई माजघरात चटईवर झोपली आहे. मुलगी स्वयंपाकघरात उकिडवी बसून तांदळाच्या डब्यातले पैसे काढते आहे. संवाद नाही, पळापळ नाही.

आधी झाकणाचा क्लोज, म्हणजे अगदी जवळून दिसणारा शॉट. 85 एमएमची लेन्स, लांबचं जवळ आणणारी, कॅमेरा स्टँडवर, पूर्ण स्थिर. झाकण घट्ट बसलेलं, अंगठ्यानं रेटल्यावर "टक्" करून सुटणारं. हा शॉट सुंदर दिसला नाही तरी चालेल. झाकण वाजतं एवढं लोकांना कळलं पाहिजे. त्याच्यामागोमाग आईचे पाय, तेही स्थिर. आता धोका काय आणि तो कुठे आहे, दोन्ही माहीत झालं. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’ची (1958) सुरुवात बघा. पहिल्यांदा हातातला टाइमबॉम्ब दिसतो, तो गाडीत ठेवला जातो आणि मग क्रेनवरचा कॅमेरा तीन मिनिटांहून जास्त वेळ कट न करता गावभर फिरतो. क्रेनचं कौतुक सगळे करतात. मला विचाराल तर तो बॉम्ब आधी दाखवला नसता तर ती नुसती रस्त्यावरची वर्दळ झाली असती.

आता मास्टर, म्हणजे सगळा सीन एकाच फ्रेममध्ये धरणारा शॉट. जास्त वेळ इथे घालवा. 24 एमएमची, जास्त जागा मावणारी लेन्स लावा, कॅमेरा जमिनीपासून अडीच फुटांवर, म्हणजे बसलेल्या मुलीच्या डोळ्यांच्या रेषेत, तिच्यापासून सात फूट लांब. माजघराचं दार फ्रेमच्या डाव्या कडेला अगदी चिकटवून ठेवा, त्यातून चटईवरचे पाय दिसले पाहिजेत. अ‍ॅपर्चर एफ 8 च्या आसपास, म्हणजे लेन्सचं भोक बारीक, म्हणून मुलगीही शार्प आणि पायही. त्यासाठी खिडकीबाहेरून दणकून लाईट मारावा लागतो, कुरकुर न करता मारा. इथे 50 एमएम लावून मागचं धूसर करायचा मोह होतो. पाय धूसर झाले की सीन संपला.

कॅमेरा रोल करा आणि हलवू नका. मुलगी झाकण रेटते, पाय स्थिर. पुन्हा रेटते, एका पायाची बोटं हलतात. इथे क्लोजवर कट केलात की तुम्ही प्रेक्षकाला पायांकडे बघायला लावता. नाही केलात तर त्याची नजर आपोआप मुलगी आणि दार यांच्यात येरझाऱ्या घालते. आम्ही 40 सेकंद धरला होता.

मग पहिली आणि एकमेव हालचाल, ट्रॉली, म्हणजे रुळांवर सरकणारी कॅमेऱ्याची गाडी, आत. चार फूट अंतर, 20 सेकंद वेळ, म्हणजे सेकंदाला अडीच इंचांहूनही कमी. हलतंय हे आधी कळूच नये. जसजसं आत जाल तसतसं दार डाव्या कडेनं सरकत बाहेर जातं. पाय गेले. मुलगी मोठी होत जाते आणि तिच्या पाठीमागे काय चाललंय हे आता कुणालाच ठाऊक नाही. झूम केला तरी दार कापलं जाईल, पण झूममध्ये मुलगी आणि मागची मांडणी एकाच मापानं फुगतात. आपण जागचे हलत नाही. ट्रॉलीत आपण खरोखर तिच्या जवळ सरकतो, मागचं सगळं तिच्या मानानं लहान होत जातं. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’मधला (1958) चक्कर दाखवणारा जिन्याचा शॉट, ट्रॉली एका दिशेला आणि झूम उलट दिशेला, हा हट्ट मात्र दर दुसरा दिग्दर्शक धरतो. या स्वयंपाकघरात तो कशाला? मुलीला चक्कर आलेली नाही.

ट्रॅक टाकायला जागा नसेल तर चादरीवर बसा, कॅमेरा मांडीवर, आणि दोघांना चादर ओढायला सांगा. फरशी आधी बघून ठेवा. आमच्या लोकेशनला शहाबादी होती, प्रत्येक सांध्याला धक्का. फोकसवाला पोरगा सहाव्या टेकनंतर म्हणाला, "दादा, परत खट्ट झालं." शेवटी प्लायवूडचा तुकडा अंथरला आणि त्याच्यावर चादर. फोकसच्या खुणा दर फुटावर खडूनं करा, कारण आत गेल्यावर मुलगी तीन फुटांवर येते आणि तिथे चूक लपत नाही.

ट्रॉली थांबली तरी "कट" म्हणू नका. मी 15 सेकंद जास्तीचे घेतले, एडिटरनं नऊ ठेवले. त्या नऊ सेकंदांत मुलगी नोटा मोजते आहे आणि फ्रेमबाहेर एकदाच बांगडी वाजते. मुलीला मान वळवू देऊ नका. तिचा हात फक्त मोजता मोजता थांबतो. पुढचा शॉट पुन्हा स्थिर, पायांच्याच जागी लावलेला. नुसती चटई.