झुलतं घड्याळ सारखं थांबतंय? या चुका टाळा

हत्तीने सोंड वर केलेली, सोंडेच्या टोकाला घड्याळ, आणि ते तबकडीसकट अख्खं झुलतंय. जर्मनीतल्या श्रामबर्गच्या युंगहान्स आणि अमेरिकेत ब्रुकलिनच्या अन्सोनिया या कंपन्यांनी अशी घड्याळं शंभरहून जास्त वर्षांपूर्वी बनवली. अन्सोनियाकडे हत्तीऐवजी बहुधा जुनो, डायना अशा रोमन देवींच्या स्त्रीमूर्ती. मूर्ती जागची हलत नाही, मग झोका देतं कोण? घड्याळाच्या पोटातला इवलासा लंबक. त्याच्या धक्क्यावर बाहेरचा सगळा डोलारा, म्हणजे वर घड्याळ आणि खाली दांडीला गोळा, झुलत राहतो.

धक्का इतका हलका असतो की जरा कुठे अडलं की घड्याळ थांबतं, आणि आपण लगेच यंत्र उघडायला निघतो. माझा हत्ती सात मिनिटांत थांबायचा. घड्याळजींकडून यंत्र साफ करून आणलं, तरी तेच. शेवटी शोकेसच्या प्लायच्या फळीवरून उचलून दगडी कट्ट्यावर ठेवला आणि तो चालू लागला. झोक्याबरोबर फळीच हलत होती, सगळी ताकद तिथे जिरत होती. शेजारी पाण्याने भरलेला पेला ठेवून बघा. पाणी थरथरलं तर जागा बदला. पाणसळ लावून बैठक सपाट करा, पंख्याचा झोत टाळा.

ज्या धारेवर घड्याळ टेकतं तिथे तेल घालू नका. तेलावर धूळ चिकटते. ती धार कोरडीच हवी.

चावी देताना घड्याळ मूर्तीवरून उतरवून हातात घ्या. मूर्ती बहुतेकदा स्पेल्टरची, म्हणजे जस्ताच्या ओतीव धातूची असते. वर ब्राँझचा नुसता मुलामा. जोर पडला की हात वाकत नाही, तुटतो, आणि साध्या डागकामाने तो सांधणं कठीण. आणि वर नुसता मुलामाच आहे, म्हणून चिंच-लिंबाने घासू नका. मुलामा जातो, खालचं जस्त करडं उघडं पडतं आणि ब्राँझचा रंग परत येत नाही. कोरडा मऊ ब्रश पुरे.

वेळ पुढेमागे होत असेल तर साध्या लंबकाचा नियम डोळे मिटून लावू नका. इथे टेकूच्या वरही वजन आहे, खालीही. खालचं नट अर्धा फेरा फिरवा, दिवसभर थांबा, फरक वहीत लिहा.

खरेदीत सगळ्यात महागात पडते ती जोडतोड: मूर्ती एका कंपनीची, घड्याळ दुसरीचं, खालचा गोळा तिसरीकडचा. गोळ्याचं वजन बदललेलं असेल तर उत्तम यंत्रही झुलत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे घड्याळ चालू करायला लावा, निदान अर्धा तास समोर बसून बघा. टेकूच्या खाचेत ताजी कानस मारलेली दिसली तर मी घेत नाही. आणि घरी आणताना घड्याळ मूर्तीवरून वेगळं करा, आतला लंबक हलणार नाही असा बांधा.