ग्रॅम रंजन कसे करावे: आदिकेंद्रकी पेशी आणि तिची भित्तिका

आदिकेंद्रकी पेशीला, म्हणजे जीवाणूसारख्या पेशीला, केंद्रक नसते, हे पुस्तकात वाचलेले असते. ते डोळ्यांनी पाहायला दातांवरचा पांढरट थर आणि ग्रॅम रंजन, म्हणजे जीवाणूंना भित्तिकेनुसार जांभळे किंवा गुलाबी रंगवण्याची पद्धत, पुरते.

स्वच्छ काचपट्टीवर पाण्याचा छोटा थेंब ठेवा. टूथपिक आधी हिरडीलगत दातावर, मग गालाच्या आतून हलकेच फिरवून थेंबात घोळवा. लेप पातळ पसरवा. वाळल्यावर त्याखालची छापील अक्षरे वाचता आली पाहिजेत. पूर्ण वाळल्यावरच पट्टी ज्योतीवरून 2–3 वेळा फिरवा. ओला लेप तापवला की पेशी फुटतात. मग ज्योत विझवा, कारण पुढे अल्कोहोल आहे.

क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग 1 मिनिट ठेवून धुवा. आयोडीन 1 मिनिट ठेवून पुन्हा धुवा. त्याने रंगाचे मोठे संयुग बनते आणि या घडीला सगळ्याच पेशी जांभळ्या असतात.

खरी मेख अल्कोहोलमध्ये आहे. पट्टी तिरकी धरून 95 टक्के अल्कोहोल थेंब थेंब सोडा. ओघळ रंगहीन झाला की थांबा, साधारण 10–15 सेकंदांत, आणि लगेच धुवा. ग्रॅम-धन (जांभळ्या राहणाऱ्या) जीवाणूंची पेप्टिडोग्लायकनची, म्हणजे शर्करा आणि अमिनो आम्लांच्या जाळीची, भित्तिका 20–80 नॅनोमीटर जाड असते. अल्कोहोल तिच्यातले पाणी ओढून घेते, ती आवळते आणि रंग आत अडकतो. ग्रॅम-ऋण (जांभळा रंग गमावणाऱ्या) जीवाणूंचा हा थर पातळ. त्यावरचे मेदयुक्त बाह्यपटल अल्कोहोलने विस्कटते आणि रंग वाहून जातो.

शेवटी सॅफ्रानिन 1 मिनिट; रंग गेलेल्या पेशी त्याने गुलाबी होतात. (हान्स क्रिश्चन ग्रॅम यांच्या 1884 च्या मूळ पद्धतीत ते नव्हते.) धुऊन टिपकागदाने टिपा, घासू नका.

10 पट भिंगाने जागा शोधा, मग तेल टाकून 100 पट भिंग लावा. गालाची पेशी मोठी, गुलाबी, मधोमध ठळक केंद्रक असलेली दिसेल. तिच्यावर किंवा आसपास साधारण 1 मायक्रोमीटरचे जांभळे-गुलाबी ठिपके आणि दांडे म्हणजे जीवाणू. त्यांत केंद्रक कुठेच नाही. डीएनए पेशीद्रवातच असतो, पण या रंगाने तो वेगळा दिसत नाही. रायबोझोम (प्रथिने बनवणारे कण) शोधत बसू नका, ते या सूक्ष्मदर्शीच्या आवाक्याबाहेर आहेत.

गालाच्या पेशीचे केंद्रक जांभळेच राहिले, तर लेप जाड होता किंवा अल्कोहोल कमी पडले. सगळेच गुलाबी दिसले, तर अल्कोहोल जास्त झाले किंवा आयोडीन राहून गेले. वाढवलेले जीवाणू वापरणार असाल, तर 18–24 तासांचेच घ्या. जुन्या ग्रॅम-धन पेशींची भित्तिका कमकुवत होते आणि त्या फसव्या गुलाबी दिसतात.