लॉक बदलण्याआधी दार उघडून बघा: डबल ग्लेझिंगच्या दार-खिडक्यांच्या दुरुस्तीत या चुका टाळा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या किंवा नवी मुंबईतल्या पाम बीचच्या एखाद्या टॉवरमधलं यूपीव्हीसीचं, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीचं, दुहेरी काचेचं बाल्कनीचं दार अडायला लागलं की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "लॉक गेलंय, नवीन टाकून द्या." बहुतेक वेळा लॉक गेलेलं नसतं. दार आपल्या वजनाने खाली बसलेलं असतं आणि लॉकचे हूक चौकटीतल्या खाचांसमोर येतच नाहीत. हँडलवर रोज जोर लावला की मग मात्र लॉक खरंच जातं. त्या जागी नवं बसवलं, तर काही महिन्यांत तेही कुरकुरायला लागतं, कारण दार अजून तिथेच बसलेलं असतं.

म्हणून पहिली तपासणी, आणि ती फुकट आहे: दार पूर्ण उघडं ठेवा आणि हँडल वर-खाली फिरवा. दाराच्या कडेच्या पट्टीतून हूक आणि रोलर बाहेर येताना-जाताना दिसतील. उघड्या दारात हँडल सहज फिरतं आणि बंद दारातच अडतं, तर दोष बिजागरीचा किंवा दार बसल्याचा. उघड्या दारातही करकरतं, अर्ध्यावर थांबतं, तर पट्टीच्या आतला, हूक हलवणारा गिअरबॉक्स बघावा लागेल. हँडल फिरतंय पण हूक हलतच नाहीत, तर आतली चौकोनी सळी, म्हणजे स्पिंडल, झिजलीय किंवा गिअरबॉक्समधला ती धरणारा भाग फुटलाय. आणि हँडल नुसतं खाली लोंबतंय, बाकी सगळं नीट चालतंय, तर हँडलमधली स्प्रिंग मेली. एवढ्यासाठी अख्खं लॉक बदलायला सांगणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

मी दुरुस्तीला कुणाच्या घरी गेलो की आणखी एक विचारतो. "काकू, हे दार लावताना तुम्ही नेमकं काय करता?" उत्तर येतं, "काही नाही, खांदा लावून थोडं वर उचलते, मग लागतं." झालं निदान. दार उचलल्यावर लॉक लागत असेल तर लॉकला हात लावायचं कारण नाही.

खोबरेल, आणि स्प्रेचा निळा डबा

आपल्याकडे दार कुरकुरलं की हात आधी खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. साध्या लोखंडी कडीला ते एक वेळ चालून जाईल, पण मल्टिपॉइंट लॉकच्या, म्हणजे एका हँडलने अनेक जागी लागणाऱ्या लॉकच्या, बारीक भागांत ते धूळ धरतं आणि कालांतराने चिकट होतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी जानेवारीच्या पहाटे बाटली बघितलीच असेल. लॉकच्या आतही तेच होतं.

दुसरा आवडता इलाज डब्ल्यूडी-४०. गंज सोडवायला, पाणी हटवायला ते उत्तम. टिकाऊ वंगण म्हणून मात्र त्याच्यावर विसंबू नका. फवारलं की आठवडाभर दार खूश असतं, पुढे पुन्हा तेच. गिअरबॉक्सला आणि हुकांना हलकं मशीन ऑइल किंवा पांढरं ग्रीस द्या, दाराच्या कडेच्या रबराला सिलिकॉन स्प्रे. रबराला तेल लावू नये, ते फुगतं आणि मऊ पडतं. किल्लीच्या सिलिंडरमध्ये फक्त ग्रॅफाइट पावडर. नसेल तर मऊ पेन्सिल किल्लीच्या दातांवर घासून दोन-चार वेळा आत-बाहेर करा. आधी तेल टाकलेल्या सिलिंडरमध्ये वरून ग्रॅफाइट घातलं तर दोन्ही मिळून काळा लगदा होतो, तेव्हा एकच काहीतरी निवडा.

स्क्रू सैल झाला की आगपेटीची काडी

सुताराने लाकडी दारात केलेला हा इलाज आपण लहानपणापासून बघतोय. यूपीव्हीसीत तो चालत नाही. यूपीव्हीसीचं प्रोफाइल, म्हणजे चौकटीचा दांडा, आतून पोकळ असतं आणि त्याच्या पोटात जस्त चढवलेल्या स्टीलची पट्टी घालतात. बिजागरीचा स्क्रू त्या स्टीलमध्ये रुतायला हवा. स्क्रू गोल गोल फिरतोय आणि घट्ट होत नाही, तर तो नुसत्या प्लास्टिकला धरून होता, किंवा बसवणाऱ्याने तिथे स्टील घातलंच नाही. काडी कोंबून किंवा एमसील भरून तो घट्ट वाटेल, पण पावसातल्या एका झोतात दार आपटलं की पुन्हा हातात. स्टीलपर्यंत पोचणारा लांब सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू वापरा, किंवा बिजागरी थोडी सरकवून नवीन जागी धरा. मात्र लांब म्हणून कसाही लांब नको, त्याचं टोक काचेच्या कडेला लागलं तर काय होतं ते खाली सांगतो.

उलटी चूकही तेवढीच होते. हँडलचे स्क्रू ड्रिल मशीनने इतके आवळतात की दोन्ही बाजूंच्या प्लेटा लॉकला चिमटीत धरतात आणि हँडल फिरेनासं होतं. ते स्क्रू जरा सैल करून बघा; कधीकधी दुरुस्ती तेवढ्यावरच संपते.

दार खाली का बसतं

हा भाग कुणी नीट सांगत नाही, आणि सगळं दुखणं इथंच आहे.

काचेचं वजन काढायचा हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडी, अडीच किलो. डबल ग्लेझिंगमध्ये ५ मिमीच्या दोन काचा धरल्या तर चौरस मीटरला २५ किलो. काचेचं माप ८० सेंटिमीटर बाय २ मीटर धरलं तर नुसती काच ४० किलो, वर प्रोफाइल आणि स्टील वेगळं. एवढं वजन एका बाजूला बिजागऱ्यांवर लटकतं. प्लास्टिकची चौकट एकटी ते पेलू शकत नाही, काचेनेच चौकटीला आतून ताठ धरायचं असतं. त्यासाठी काच आणि चौकट यांच्या मधल्या फटीत प्लास्टिकचे छोटे रंगीत तुकडे, म्हणजे पॅकर, ठरावीक जागी बसवतात. एक खाली, बिजागरीच्या बाजूच्या कोपऱ्यात. दुसरा त्याच्या तिरप्या समोर, वर, हँडलच्या बाजूला. काच त्या दोन कोपऱ्यांत तिरपी अडकते आणि लॉककडचा कोपरा खाली झुकू देत नाही.

आता होतं काय, की मुलांच्या चेंडूने काच फुटते. जवळचा काचवाला येतो, बीडिंग, म्हणजे काच धरणाऱ्या पट्ट्या, काढतो, जुन्या काचेबरोबर ते रंगीत तुकडेही कचऱ्यात टाकतो आणि नवी काच खाली टेकवून बीडिंग ठोकतो. दार त्या दिवशी झकास लागतं. मग महिना-दोन महिन्यांत हँडलच्या बाजूने खाली येतं, उंबऱ्याला घासायला लागतं, आणि बोलावलं जातं लॉकवाल्याला! काच बदलून झाली असेल आणि त्यानंतर दार अडायला लागलं असेल, तर बीडिंग काढून पॅकर आहेत का ते आधी बघा.

बीडिंग काढताना कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर घुसवू नका. सर्वांत लांब पट्टी घ्या, तिच्या मध्यावर पातळ पुट्टीपट्टी सरकवा आणि हळूहळू सोडवा. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या, काचेच्या पृष्ठभागावर हातोडी पडली तरी ती एक वेळ सोसेल, पण कडेला लोखंडाचं टोक टेकलं की अख्खी काच दाणे दाणे होऊन खाली येते. ती कापून बारीकही करता येत नाही; टफन होण्याआधीच माप बरोबर असावं लागतं.

पॅकर ठीक असतील तर बिजागरीचं ॲडजस्टमेंट. बऱ्याच यूपीव्हीसी दारांच्या बिजागऱ्यांवर टोपी असते, ती काढली की ॲलन कीचे खाचे दिसतात: एक दार वर-खाली करतो, एक डावी-उजवीकडे सरकवतो, काहींत तिसरा रबरावरचा दाब बदलतो. इथली चूक म्हणजे एकाच बिजागरीला दोन-तीन फेऱ्या मारणं. मग सगळं वजन तिच्यावर येतं आणि बाकीच्या नुसत्या शोभेला उरतात. पाव फेरी एका बिजागरीला, तेवढीच बाकीच्यांना, मग दार लावून बघायचं.

आणि हे काम मे महिन्याच्या दुपारी करू नका. यूपीव्हीसी उन्हात वाढतं. दोन मीटर उंचीच्या दारात २० अंशांच्या फरकाने ३ मिमीपर्यंत फरक पडू शकतो. दुपारी अडतं आणि रात्री गुपचूप लागतं, असं पश्चिमेच्या बाल्कनीचं दार असेल तर सकाळी बघा, नाहीतर दुपारी जुळवलेलं दार रात्री खडखडेल.

बाहेर उघडणाऱ्या खिडक्या

या खिडक्यांना दारासारखी बिजागरी नसते. वर-खाली किंवा दोन बाजूंना स्टीलच्या सरकत्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रिक्शन स्टे म्हणतात. वाऱ्याने खिडकी आपोआप मिटायला लागली तर पट्टी बदलण्याआधी तिचा ट्रॅक ब्रशने साफ करा; कबुतरांची पिसं, रंगाचे थेंब, सिमेंटचे कण, सगळं तिथे जमतं. सरकणाऱ्या पितळी तुकड्यावर बहुधा एक स्क्रू असतो, तो किंचित आवळला की पकड परत येते.

बदलायचीच झाली तर जोडीने बदला, आणि नुसती लांबी मोजून दुकानात जाऊ नका. मिटलेल्या पट्टीची जाडीही लागते, ती साधारणपणे १३ किंवा १७ मिमी असते. चुकीची घेतली तर झडप एकतर बसत नाही किंवा रबरावर दाबत नाही. वरच्या कडेवर टांगलेल्या खिडकीची आणि बाजूने उघडणाऱ्या खिडकीची पट्टी वेगळी असते, हेही दुकानदाराला आधी सांगा. जुनी पट्टी खिशात घालून नेणं सगळ्यांत उत्तम.

पण एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. दोन फूट बाय चार फूट झडपेत काचच १८ किलोच्या आसपास भरते. अठराव्या मजल्यावर, एकट्याने, यूट्यूब बघत तिचे स्क्रू काढायचे नाहीत. दोन माणसं हवीत, झडप दोरीने आत बांधलेली हवी, आणि खाली वॉचमनला सांगून तेवढी जागा मोकळी करून घ्यायला हवी. यात घरच्या घरी करून बघण्यासारखं काही नाही.

किल्ली अडकायला लागली की वाट बघू नका

सिलिंडर जागेवर धरणारा स्क्रू दाराच्या कडेला असतो, किल्लीच्या भोकाच्या रेषेत. दार बंद असताना तो दिसतही नाही. म्हणजे सिलिंडर पूर्ण जाम होईपर्यंत थांबलात तर दार उघडायलाच ड्रिल लागणार. किल्ली दोनदा अडली की बदला. स्क्रू काढा, किल्ली घालून किंचित फिरवा, म्हणजे मधलं बोंड सिलिंडरच्या अंगात येतं, आणि ओढून घ्या. दुकानात नुसतं "८० मिमीचा द्या" म्हणू नका. मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांची मापं वेगवेगळी द्या, उदाहरणार्थ ३५ आणि ४५. बाहेरच्या बाजूला सिलिंडर हँडलच्या प्लेटपुढे २-३ मिमीहून जास्त डोकावू नये. बाहेर आलेलं टोक चोराला पक्कडीत धरून मोडता येतं.

लोहचुंबकाची परीक्षा

खाडीकाठी, वाशीपासून उलव्यापर्यंत, स्टीलच्या नावाखाली घेतलेले भाग लवकर गंजतात. गिऱ्हाईक चुंबक घेऊन दुकानात जातं, चिकटलं नाही की ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील समजून घेतं. ही परीक्षा अर्धवट आहे. कमी निकेलचं २०२ स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही, पण खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा आधी गंजतं. चुंबकाने फक्त चकाकी दिलेलं लोखंड पकडलं जातं. बिलावर ग्रेड लिहून घ्या, खाडीसमोर असाल तर ३१६ मिळतंय का विचारा. आणि नवीन टाइल्स ॲसिडने धुवायच्या असतील तर त्या दिवशी खोलीत हवा खेळती ठेवा, नंतर बिजागऱ्या साध्या पाण्याने पुसा. ॲसिडच्या वाफेने चांगलं स्टीलही डागाळतं.

थोडक्यात बाकीचं

स्लायडिंग खिडकीचा टच लॉक लागत नसेल तर तळाच्या चाकांची उंची बघा. कडेला खालच्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने ती वर-खाली होतात. ट्रॅकमध्ये ग्रीस कधीच नको, धुळीचा चिखल होतो. पाणी आत येतंय म्हणून ट्रॅकमधली बाहेरची भोकं सिलिकॉनने बुजवणारे कारागीर मी बघितलेत. ती भोकं पाणी बाहेर जाण्यासाठीच असतात. आवाज किंवा पाऊस आत येतो का ते बघायला झडप आणि चौकट यांच्यामध्ये कागदाची पट्टी ठेवून बंद करा आणि ओढा. सहज निघाली तर त्या जागी रबर दाबत नाहीये. हायवेचा आवाज काचेतून नाही, तिथूनच येतोय. दोन काचांच्या मध्ये धुकं दिसत असेल तर मात्र कुठल्याही बिजागरीचा संबंध नाही. त्या काचांचं सील गेलंय, जोडकाच नवी लागेल, चौकट तीच राहते.

आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर आधी कारागिराला नको, बिल्डरला लिहा. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४(३) नुसार कामातला किंवा दर्जातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत लक्षात आणून दिला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. स्टीलशिवाय बसवलेली बिजागरी हा कामातलाच दोष म्हणून मांडता येतो. पत्र लेखी द्या, ईमेलही करा, दार खाली बसल्याचे आणि सैल स्क्रूचे फोटो जोडा. हे सगळं आधी, आणि कुणाला ड्रिल चालवायला देणं नंतर. एकदा भोकं बदलली की दोष कुणाचा यावर वाद घालायला बिल्डरला आयतं निमित्त मिळतं.