पहिलं वर्ष : वही मिटून आठवायची सवय

विद्यापीठात आल्यावर रोजचा अभ्यास तपासणारं कुणी नसतं. परीक्षा लांब वाटते आणि वह्या नुसत्या भरत जातात. म्हणून पहिल्या आठवड्यापासून एकच सवय लावून घ्या. तासाला जे झालं, ते त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तसं लिहायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मग वही उघडून काय सुटलं ते दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरा.

हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवलं होतं की नव्याने शिकलेलं सुरुवातीच्या काही तासांतच सर्वाधिक विसरलं जातं. पुढे 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. वाचताना सगळं येतंय असं वाटतं खरं, पण ते बहुतेकदा फक्त ओळखीचं झालेलं असतं.

दुसऱ्या रंगातला मजकूर वाढत चालला तर तो विषय अवघड जातोय, हे परीक्षेच्या कितीतरी आधी कळतं. तेव्हाच प्राध्यापकांना भेटा, आणि ‘काहीच कळलं नाही’ असं न म्हणता नेमकी अडलेली ओळ दाखवा. संकोच वाटतो, साहजिकच आहे, तरी जा. एकट्याने जायला नको वाटलं, तर वर्गातल्या कुणाला सोबत घ्या. बहुधा त्यांचंही तिथेच अडलेलं असतं.