विहिरीवरच्या नॅनोला राखण: वॉचडॉग कसा लावायचा

रात्री दीडला मामांचा फोन. "तुझ्या डब्यानं मोटर सुरू केली, आता बंद होईना. पाणी बांध फोडून चाललंय." डबा म्हणजे मी विहिरीवर बसवलेला, कॉलवर मोटर चालवणारा आर्डुइनो नॅनो बोर्ड. मेनस्विच पाडून चढवला की डबा पुन्हा शहाण्यासारखा वागायचा. आठवड्यात असं तीनदा झालं.

दोष माझ्याच कोडात होता. जीएसएम मॉड्यूलकडून, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाकडून, 'ओके' येईपर्यंत थांबणारा व्हाइल लूप मी लिहिला होता. कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा विजेचा स्विच) ओढला की झटक्यानं मॉड्यूल गप्प व्हायचं आणि नॅनो त्याची वाट बघत जन्मभर उभा. तेव्हा आधी त्या लूपला मुदत घाला, ३ सेकंदांत उत्तर नाही तर पुढे चला. वॉचडॉग त्यानंतर लावायचा, आपल्याला न सुचलेल्या चुकांसाठी. वॉचडॉग म्हणजे चिपमधला राखणदार टायमर: प्रोग्रामनं ठरल्या मुदतीत त्याची मोजणी शून्यावर आणली नाही, तर तो चावतो, म्हणजे चिप रिसेट करतो.

नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये वॉचडॉगला स्वतःचा वेगळा, साधारण १२८ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर असतो. त्यामुळे मुख्य क्रिस्टल थांबला तरी हा मोजत राहतो. मुदत १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत निवडता येते. लूपच्या दोन्ही टोकांना मिलिस (सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) वाचून सर्वांत लांब फेरी मोजा. माझी साडेतीन सेकंदांची निघाली. हा ऑसिलेटर काही घड्याळासारखा काटेकोर नाही, म्हणून ४ च्या वाट्याला न जाता मी थेट ८ घेतले. एव्हीआर-लिबसी या लायब्ररीची डब्ल्यूडीटी हेडर फाईल जोडली की चालू करायला एक ओळ आणि भाकरी टाकायला, म्हणजे मोजणी परत शून्यावर आणायला, दुसरी.

भाकरी कुठे टाकायची, यातच बहुतेक जण फसतात. मीही फसलो. टायमरच्या इंटरप्टमध्ये (मुख्य प्रोग्रामला मध्येच थांबवून ठरावीक वेळानं चालणाऱ्या तुकड्यात) टाकली, दिसायला नीटनेटकं. पण मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, म्हणजे घरात चोर आणि कुत्रा पोटभर जेवून झोपलेला! आता मी एकाच जागी टाकतो, लूपच्या शेवटी, तेही तीन खुणा लागल्या असतील तरच: करंट वाचला, जीएसएम तपासलं, रिलेचा निर्णय झाला. टाकली की तिन्ही खुणा पुसायच्या. सुरुवातीला नेटवर्क मिळायला ८ सेकंदांपेक्षा जास्त लागतात. तिथे दर सेकंदाला भाकरी, पण जास्तीत जास्त ६० वेळा.

आता एक खड्डा. वॉचडॉगनं रिसेट केल्यावर या चिपमध्ये तो बंद होत नाही, उलट १६ मिलिसेकंदांच्या मुदतीवर चालूच राहतो. स्वस्तातल्या काही नॅनोंमधला जुना बूटलोडर (तुमच्या कोडच्या आधी धावणारा छोटा प्रोग्राम) त्याला आवरत नाही. मग तुमच्या कोडपर्यंत पोचायच्या आत पुढचा रिसेट, त्याच्या आत आणखी एक. बोर्डावरचा दिवा नुसता फडफडतो. दुसरा आर्डुइनो ऊनो बोर्ड प्रोग्रामर म्हणून जोडून ऑप्टिबूट हा बूटलोडर चढवा. बूटलोडर नसेल तर कोडच्या अगदी आरंभी एमसीयूएसआर (रिसेटचं कारण नोंदणारं) रजिस्टर शून्य करून मग वॉचडॉग बंद करा. क्रम उलटा केलात तर तो बंद होणारच नाही.

रिसेट फक्त नॅनो होतो. गप्प बसलेलं जीएसएम मॉड्यूल तसंच राहतं, म्हणून सेटअपमध्ये एका पिनवरून त्याची रिसेट पिन खाली ओढा. रिसेटच्या वेळी नॅनोच्या पिना इनपुट होतात, रिले सुटतो, मोटर थांबते. हे मला हवंच आहे. माझा रिले बोर्ड लो सिग्नलवर ओढणारा. त्याच्या इनपुटला १० किलोओहमचा पुलअप (पिन हायकडे ओढून धरणारा रेझिस्टर) लावलाय, म्हणजे ती पिन अधांतरी राहत नाही. मोटर आपोआप पुन्हा सुरू करायची नाही, मामांचा कॉल आला तरच.

शेतावर नेण्याआधी टेबलावर चावून घ्या. रिकामा, न संपणारा लूप मुद्दाम घाला, रिलेला बल्ब जोडा, घड्याळ लावा. साधारण ८ सेकंदांत बल्ब विझला पाहिजे. मग तो लूप काढायला विसरू नका (मी विसरलो होतो).

किती वेळा चावला हेही मोजतो. रॅमच्या, प्रोग्राम सुरू होताना शून्य न होणाऱ्या, 'नोइनिट' विभागात एक ठरावीक खूण ठेवलीय: लाईट गेली की ती पुसली जाते, वॉचडॉगच्या रिसेटनंतर टिकते. सुरू होताना ती सापडली की ईईपीरॉममधला (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतला) आकडा एकनं वाढतो आणि मला मेसेज येतो. मामांच्या विहिरीवर तो सध्या ४ आहे, चारही वेळा मोटर सुरू होतानाच. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (विजेचा झटका शोषणारा भाग) लावायचा राहिलाय, रविवारी जाईन.