मैफलीची प्रसिद्धी : आधी एक कागद नीट करा

शास्त्रीय गायन-वादनाच्या किंवा नृत्याच्या कार्यक्रमाची प्रसिद्धी फसते, तेव्हा बहुतेक वेळा वर्तमानपत्रात ओळखी कमी पडलेल्या नसतात. माहिती चुकलेली असते. पोस्टरवर सहा वाजता, तिकिटावर साडेसहा. संयोजक एक सांगतो, कलाकाराचा शिष्य दुसरे पाठवतो आणि डीटीपीवाला गेल्या वर्षीच्या फाइलवरच नवे नाव चढवतो. म्हणून ठाणे-नवी मुंबईतल्या कार्यक्रमाची प्रसिद्धी हाती घेतली की फोन उचलण्याआधी एक माहितीपत्र करावे. पोस्टर, तिकीट, बातमी, निवेदकाची टिपणे, स्टेजमागचा फ्लेक्स, सगळे त्याच कागदावरून उचलायचे. बदल झाला तर आधी तो कागद बदलायचा, वर नवी तारीख टाकायची आणि मग बाकीचे.

कागदावर काय हवे

वार, तारीख, वर्ष आणि वेळ. वार आणि तारीख जुळत नाहीत ही सर्वांत जास्त होणारी चूक. कॅलेंडर समोर ठेवूनच लिहा. गुरुपौर्णिमा, पुण्यतिथी असे तिथीवर ठरणारे कार्यक्रम असतील तर तिथी आणि तारीख दोन्ही लिहा. वर्ष लिहायला लोक कंटाळतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर जुनी पोस्टरे पुढच्या वर्षी पुन्हा फिरू लागतात आणि माणसे खरोखर येऊन दारात उभी राहतात.

ठिकाण पूर्ण लिहा. ‘गडकरी’ म्हटले की नौपाड्यातल्या माणसाला पुरते. ऐरोलीहून येणाऱ्याला ‘राम गणेश गडकरी रंगायतन, तलावपाळी, ठाणे स्टेशनपासून चालत’ एवढे लागते. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह मानपाड्याला, स्टेशनपासून लांब आहे आणि तिथे मोठे व छोटे अशी दोन सभागृहे आहेत. कुठले ते लिहिले नाही तर निम्मे श्रोते चुकीच्या दारात. वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह असेल तर स्टेशनपासून कसे यायचे, त्याची एक ओळ पुरे.

आता नावे. इथे वेळ घालवा. प्रत्येक कलाकाराकडून नाव देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत, त्याच्या स्वतःच्या हातून लिहून घ्या. फोनवर ऐकून लिहू नका. पंडित, विदुषी, उस्ताद, बुवा यांपैकी काय लावायचे हे कलाकाराला विचारा. तरुण गायकाला आपण होऊन ‘पंडित’ केले तर तो अवघडतो, आणि जाणकार श्रोते हसतात ते वेगळेच. गुरूंची नावे क्रमाने घ्या. सुरुवातीचे शिक्षण कोणाकडे आणि तालीम कोणाकडे यात फरक असतो, आणि घराण्याचा उल्लेख त्यावर ठरतो. घराणे तुम्ही ठरवू नका.

साथीदार तेवढ्याच काळजीने. ‘तबलजी’ लिहू नये, ‘तबला’ किंवा ‘तबलासाथ’ लिहावे. तानपुऱ्यावर बसणाऱ्या दोन शिष्यांची नावेही घ्या. त्यांच्या घरची माणसे निदान दोन रांगा भरतात. एकल तबलावादन असेल तर हार्मोनिअम किंवा सारंगी ‘साथ’ करत नाही, लेहरा (तालाच्या आवर्तनाबरोबर पुन्हा पुन्हा फिरणारी धून) धरते, तसेच लिहा. कथकमध्ये तबला, गायन, हार्मोनिअम, सतार यांच्याबरोबर पढंत (नृत्याचे बोल तोंडाने म्हणणे) कोण करणार ते विचारा. भरतनाट्यममध्ये नट्टुवांगम (झांजांच्या ठेक्यावर बोल म्हणत नृत्य चालवणे), गायन, मृदंगम आणि व्हायोलिन किंवा वेणू (बासरी) अशी नावे लागतात. नट्टुवांगम करणाऱ्या गुरूचे नाव राहिले तर नृत्यवर्गाचे पालक तुम्हाला पुन्हा काम देणार नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असते.

परिचय तीन लांबीचा करून ठेवा : ५० शब्द वर्तमानपत्रासाठी, १५० पत्रिकेसाठी, ४०० निवेदकासाठी. मोठा परिचय कापून छोटा होत नाही, छोटा वेगळाच लिहावा लागतो. त्यात गुरू, घराणे, एखाद-दोन मान्यवर महोत्सव आणि पुरस्कार वर्षासह. ‘देशविदेशात मैफली गाजवल्या’ हे वाक्य सगळ्यांच्या परिचयात असते, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. राग आधी जाहीर करू नका. कलाकार तो बहुधा बसल्यावर ठरवतो. सकाळची मैफल आहे, दुपारच्या रागांची आहे, फक्त नाट्यपदे आहेत, एवढे ठाम असेल तर जरूर सांगा, त्यावर श्रोता ठरतो.

शेवटी कागदाच्या तळाशी कलाकाराची आणि संयोजकाची ‘वाचले, बरोबर आहे’ अशी लेखी होकाराची ओळ. व्हॉट्सअ‍ॅपवर आली तरी चालते.

फोटो

तीन हवेत : चेहऱ्याचा उभा, गातानाचा आडवा आणि वाद्यासह किंवा नृत्यमुद्रेत एक. गातानाच्या फोटोत माइक तोंडावर आलेला चालत नाही; तो थोडा बाजूने काढलेला असावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि छापताना फुटतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने पाठवा. फाइलला कलाकाराचे नाव द्या, ‘आयएमजी’ आणि चार आकडे हे पत्रकाराला काहीच सांगत नाहीत. छायाचित्रकाराची परवानगी आणि नाव घेऊन ठेवा.

कोणाला, कधी

सहा आठवडे आधी माहितीपत्र आणि फोटो पूर्ण. तारीख अजून हलवता येत असेल तर याच वेळी कॅलेंडर पाहा : दहावी-बारावीच्या परीक्षा, गणपती, लग्नाच्या मुहूर्तांचे रविवार, आणि शेजारच्या सभागृहात त्याच दिवशी काय आहे. ठाण्यात महापालिकेचा पं. राम मराठे स्मृती संगीत समारोह चालू असताना त्याच संध्याकाळी दुसरी मैफल लावली तर तोच श्रोता वाटून घ्यायचा असतो.

चार आठवडे आधी पोस्टर आणि मासिके. तीन आठवडे आधी तिकिटांचा प्लॅन उघडतो तेव्हा पहिली लाट. दहा-बारा दिवस आधी पुरवण्यांसाठी कलाकाराची मुलाखत सुचवायची. तीन-चार दिवस आधी स्थानिक बातमी, आदल्या दिवशी ‘आजचे कार्यक्रम’ सदरासाठी तीन ओळी.

मोठ्या दैनिकांच्या ठाणे पुरवण्या आणि ‘ठाणे वैभव’सारखे स्थानिक दैनिक यांत फरक करा. स्थानिक दैनिकाला गल्लीतली बातमी हवी असते : कलाकार ठाण्याचा, वर्ग नौपाड्यातला, वर्गाचे पंचविसावे वर्ष. मोठ्या दैनिकाला कार्यक्रमात वेगळे काय आहे ते हवे. एकच मजकूर सगळ्यांना ढकलला की तो ‘आजचे कार्यक्रम’मध्ये जातो, आणि तुम्ही म्हणता बातमी लागली नाही. फोन दुपारी करा. संध्याकाळी पाच नंतर पाने लावण्याची घाई असते, आणि जिल्हा पुरवणीची पाने शहर आवृत्तीच्या आधी सुटतात.

जाहिरात दिली तर बातमी, असे कोणी सुचवले तर ते संयोजकाला जसेच्या तसे कळवा आणि निर्णय त्याच्यावर सोडा. तुम्ही मात्र कधीही ‘इतक्या बातम्या छापून आणतो’ असा शब्द देऊ नका. मानधन कामाचे ठरवा, कात्रणांच्या संख्येचे नाही. निम्मे आगाऊ, छपाई-जाहिरातीचा खर्च वेगळा.

बातमीचा मजकूर

वाईट सुरुवात : ‘ठाणेकर रसिकांना सुरांची अनोखी मेजवानी मिळणार असून…’ चांगली सुरुवात : ‘ठाणे : (नाव) यांचे शास्त्रीय गायन शनिवारी, १४ तारखेला सायंकाळी सहा वाजता घंटाळी येथील सहयोग मंदिरात होणार आहे. त्यांना (नाव) तबल्यावर व (नाव) हार्मोनिअमवर साथ करतील.’ उपसंपादक खालून कापतो. पहिल्या दोन वाक्यांत सगळे आले असेल तर उरलेले कापले तरी तुमचे काम झाले. तिसऱ्या वाक्यात प्रवेशिकेचे दर आणि मिळण्याचे ठिकाण. एकूण १५० ते २०० शब्द पुरे.

मजकूर ई-मेलच्या अंगातच, युनिकोडमध्ये टाका. पीडीएफमधून मराठी उचलले की मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटतात. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर अगम्य होते. पत्रकाराला पुन्हा टाइप करावे लागले तर तो करत नाही, आणि केलेच तर नाव चुकते. विषयाच्या ओळीत तारीख, कार्यक्रम, गाव : ‘१४ जून, शास्त्रीय गायन, ठाणे, फोटोसह’.

पाहुण्यांचा प्रश्न नाजूक. नगरसेवक किंवा आमदार व्यासपीठावर आले की दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा त्यांचा होतो आणि गायिका चौथ्या ओळीत. त्यांना टाळता येत नाही, टाळूही नये. सत्कार मध्यंतराला लागून, दहा मिनिटांत आटोपेल असा ठरवा, आणि गातानाचा फोटो सत्काराच्या फोटोआधी पाठवा. जो आधी पोचतो तो बहुधा लागतो.

पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅप, फ्लेक्स

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून मागच्या कार्यक्रमाच्या दारातच वही ठेवून ‘हा नंबर साठवा’ असे सांगावे लागते. चित्राखाली तीच माहिती टाइप करून टाका. चित्रातले अक्षर शोधात सापडत नाही आणि चष्म्याशिवाय वाचताही येत नाही. नवी मुंबईत, विशेषतः भरतनाट्यम किंवा कर्नाटक संगीतासाठी, पोस्टर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत करा. वाशी-नेरूळचा तमिळ, मल्याळी श्रोता या कलांचा जुना जाणकार आहे आणि त्याच्यापर्यंत मराठी दैनिक जात नाही.

रस्त्यावरच्या बॅनरला महापालिकेची परवानगी लागते. परवाना क्रमांक आणि मुदत बॅनरवर छापा, मुदत संपली की उतरवा. उघड्यावरच्या कार्यक्रमाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालत नाही. म्हणजे मैदानातल्या दिवाळी पहाटेच्या पत्रिकेवर ‘पहाटे ५’ छापण्याआधी विशेष परवानगी हातात आहे का, हे संयोजकाला विचारा. बंद सभागृहाला ही अडचण नाही.

स्टेजमागच्या फ्लेक्सवर कलाकाराचे नाव वरच्या निम्म्यात घ्या. कलाकार बसलेला असतो. प्रायोजकाचे बोधचिन्ह मधोमध छापले की प्रत्येक फोटोत ते त्याच्या डोक्यातून उगवते. चकचकीत नको, मॅट घ्या, नाहीतर दिव्यांची तिरीप कॅमेऱ्यात येते.

पूर्ण फुकट प्रवेश ठेवला तर सभागृह भरेलच असे नाही. फुकट पास घेतलेला माणूस पाऊस पाहून घरी बसतो. शंभर रुपयांची देणगी प्रवेशिका घेतलेला येतो. रविवार असेल तर रेल्वेचा मेगाब्लॉक एक-दोन दिवस आधी जाहीर होतो. ट्रान्स-हार्बर किंवा मुख्य मार्गावर असेल तर शनिवारी रात्री सगळ्यांना पर्यायासह कळवा. पत्रिकेवर संपण्याची अंदाजे वेळ लिहा. घणसोलीला परतणारा आधी तेच बघतो.

कलाकाराचा घसा बसला आणि बदल करावा लागला तर ‘अपरिहार्य कारणास्तव’ म्हणून मोकळे होऊ नका. बदल काय, नवा कलाकार कोण, पैसे परत हवे असल्यास कुठे, हे तीन वाक्यांत एका तासात सगळीकडे एकाच शब्दांत जाऊ द्या. नवे पोस्टर वेगळ्या रंगात, वर ठळक ‘बदल’. जुनेच पोस्टर किंचित दुरुस्त करून पाठवले तर दोन्ही फिरत राहतात.

कार्यक्रमाच्या रात्री

छायाचित्रकाराला फ्लॅश बंद आणि पहिल्या आलापात शटर बंद, हे आधी बजावा. चित्रफितीचे तुकडे टाकायचे असतील तर कलाकाराची आणि साथीदारांची लेखी संमती घ्या. पारंपरिक बंदिशींना सहसा अडचण येत नाही, पण भावगीते आणि चित्रपटगीते असतील तर हक्कांचा परवाना संयोजकाने घेतला आहे ना, ते पाहा.

कार्यक्रमानंतरच्या बातमीसाठी काय गायले ते मध्यंतरात आणि शेवटी ग्रीनरूममध्ये जाऊन कलाकारालाच विचारा : राग, ताल, बंदिशीचे शब्द. कानावर विसंबू नका. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. मारवा, पुरिया, सोहनी यांचेही. चलन, म्हणजे ते स्वर फिरण्याची रीत, वेगळे, आणि चूक छापली तर पहिला फोन गुरूचा येतो. मजकूर त्याच रात्री पाठवा, फोटोओळीत ‘डावीकडून’ अशी सगळ्यांची नावे. दोन दिवसांनी पाठवलेला वृत्तांत बातमी राहत नाही.

छापून आलेली कात्रणे ३०० डीपीआयवर स्कॅन करून, कोपऱ्यात दैनिकाचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक लिहून आठवड्याच्या आत संयोजकाला आणि सगळ्या कलाकारांना पाठवा. तानपुऱ्यावरच्या दोघांनाही.